पावसाविना भाद्रपद

आम्हा कोकणातल्या माणसांच्या मनात भाद्रपद म्हणजे निथळणारी कौले, चिखलाची पाऊलवाट आणि दूर्वांवर थांबलेले पाणी. मॉरिशसमध्ये पहिल्यांदा गणेशचतुर्थी पाहिली आणि हे चित्र विस्कटले. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील या बेटावर तेव्हा हिवाळा सरत असतो. आभाळ स्वच्छ होते, वारा गार होता आणि शेतांत उसाची तोडणी चालू होती. रिकाम्या झालेल्या शिवारांत काळ्या दगडांचे मोठे ढीग उघडे पडले होते. ज्वालामुखीतून जन्मलेल्या या बेटाची जमीन उसाखाली आणण्यासाठी मजुरांनी ते दगड वेचून रचले होते.

१८३४ पासून सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर येथे आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरील सोळा पायऱ्या चढूनच त्यांतील असंख्य जण या भूमीत शिरले. त्यांत मराठी माणसेही होती. त्यांनी पंचांग मात्र सोडले नाही. ऋतू उलटे झाले, तरी तिथी तीच राहिली.

मी ज्या घरी गेलो होतो, तेथील आजींना मराठी बोलता येत नव्हते. त्या क्रिओल बोलत आणि शाळेत मराठी शिकणारी नात मला अर्थ सांगे. आरती मात्र आजींनी न अडखळता म्हटली. मला त्यांची कीव आली. खरे सांगायचे तर, भाषा आपण राखली म्हणून मनातला अहंकारही सुखावला. तेवढ्यात आजींनी नातीकरवी विचारले, "तुमच्या घरी आज गणपती कोणी बसवला?"

वडील गेल्यापासून गावचे घर बंद होते. रजा मिळत नाही, हे कारण मी अनेक वर्षे सांगत आलो होतो. ज्या देशात मी उभा होतो, तेथे या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. "कोणीच नाही," मी म्हणालो. नातीने सांगण्याआधीच आजींना ते समजले असावे. त्यांनी माझ्या हातावर आणखी एक मोदक ठेवला.

परंपरा मातीतून आपोआप उगवते, असे मी मानत होतो. पाऊस, माती, बोली यांतले काहीही सोबत नसताना ती निश्चयावर तगते आणि सारे काही भोवती असताना आळसाने संपते, हे मला त्या घरात उमगले.

परतल्यावर मी धाकट्या भावाला फोन केला. गावच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, एवढेच विचारले.