दादांचे नागपूर

कृषी विस्ताराच्या नोकरीत मी शेतकरी बंधूंच्या कितीतरी सहली काढल्या. शिवारफेरी म्हणा, प्रदर्शन म्हणा, गाडी भरून माणसे नेली आणि सुखरूप परत आणली. पण घरच्या माणसांना घेऊन दोन दिवस नुसते हिंडायला निघालो, असे पंचावन्नी उलटली तरी घडले नव्हते. यंदा संक्रांतीनंतर ते घडले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, वहिनी, आमच्या सौ. आणि मी असे चौघे नागपूर पाहून आलो.

आमचे गाव काटोल तालुक्यात. नागपूर म्हणजे एस.टी.ने दोन तासांची वाट. तुम्ही म्हणाल, इतक्या जवळचे नागपूर दादांनी पाहिले नव्हते? पाहिले होते, पण रात्रीचे. संत्र्याचा ट्रक पहाटे रेल्वे स्टेशनामागच्या संत्रा मार्केटला लागायचा. सौदा होऊन हाती पट्टी पडली की दादा मिळेल त्या गाडीने परत. दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर म्हणाले, "आता दिसते बाबू, तं काही दाखव." अंबिया तुटून गेला होता, मृगाची फळे पिकायची होती. गहू-हरभऱ्याचे ओलित पुतण्याने अंगावर घेतले आणि आम्ही निघालो.

एस.टी.त बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वर्षांच्या माणसालाही अर्धेच. चौघांत पूर्ण तिकीट माझे एकट्याचे निघाले. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याच जिवावर चाललो म्हणायचं."

सकाळी उतरलो तो पोटात कावळे. नागपूरची सकाळ तर्री-पोह्याने होते. पोहे आपलेच, पण त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात, वरून कांदा आणि लिंबू. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला गाड्यांवर ही झुंबड असते. दादांनी एक प्लेट संपवली आणि न बोलता दुसरी पुढे केली. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी तर्री वेगळ्या वाटीत मागून घ्यावी.

मग मेट्रो. नागपुरात ती 2019 साली सुरू झाली. सीताबर्डीच्या स्टेशनात दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला वहिनी तयार होईनात, शेवटी सौ.चा हात धरून देवाचे नाव घेत चढल्या आणि वर गेल्यावर पुन्हा एकदा चढायचे म्हणू लागल्या. एका मार्गाचे नाव ऑरेंज लाइन आहे, हे सांगितल्यावर दादा म्हणाले, "गाडीले संत्र्याचं नाव देल्लं, आता संत्र्याले भाव द्या म्हणा."

झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि शेजारचे चार घोडे पाहिले. इंग्रजांच्या काळी देशाची जी मोजणी झाली, त्या कामाची ही खूण. जबलपूर, हैदराबाद, चांदा किती मैल, ते स्तंभावर कोरलेले आहे. जवळच टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई येथे झाली आणि नागपूरचे राज्य इंग्रजांच्या मुठीत गेले. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ठराविक राष्ट्रीय दिवशीच आत सोडतात. आम्ही खालूनच पाहिला.

दुपारी दीक्षाभूमीला गेलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. आजचा भव्य स्तूप 2001 साली खुला झाला. एवढा मोठा घुमट, पण आत पाऊल टाकले की माणूस आपोआप हळू बोलू लागतो. बाहेरच्या बोधिवृक्षाखाली वहिनी बराच वेळ बसून होत्या. शहरातली सर्वांत शांत जागा हीच, असे त्यांचे मत पडले.

जेवणाला सावजीकडे गेलो. हे जेवण मूळचे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे. जमशेटजी टाटांनी 1877 साली येथे एम्प्रेस मिल काढली. ती आता बंद पडली, पण कोष्ट्यांच्या चुलीवरचा रस्सा गावभर पसरला. दगडफूल, खसखस, काळा मसाला आणि पूर्वी जवसाचे तेल. दादांनी मटण घेतले. वहिनी माळकरी, त्यांच्यासाठी पाटोडीचा रस्सा मागवला. घाम पुसत म्हणाल्या, "माळ घातली म्हणून तिखटाने सोडलं नाही!" रात्री मात्र साधा वडा-भात खाल्ला, वर हिंगाची फोडणी दिलेले तेल घालून.

दुसऱ्या दिवशी महाराजबाग. भोसल्यांची ही बाग. प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालयाकडे आहे. महाविद्यालय 1906 सालचे, आणि माझी बी.एस्सी. तिथलीच. आता जे सांगतो ते आजवर घरातही बोललो नव्हतो.

वडील गेल्यावर दादांनी सातवीत शाळा सोडली आणि मला शिकवले. मी कॉलेजात असताना मार्केटातून पायी येऊन ते होस्टेलवर पैसे आणि संत्र्याची पिशवी देऊन जात. एकदा मित्र सोबत होते. दादांचा पायजमा चिखलाने भरलेला, खांद्यावर दुपट्टा. मित्राने विचारले, "कोण रे?" मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत." दादांनी ते ऐकले. पिशवी माझ्या हाती दिली आणि गेले. पुढे ते कधी आत आले नाहीत. पैसे फाटकावरच्या चौकीदाराजवळ ठेवून जात.

त्या दिवशी फाटकाशी दादा थांबले. "येऊ का आत?" म्हणाले. चौकीदार नवा होता. कोण, कुठले, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "मी इथला जुना विद्यार्थी. हे माझे सख्खे मोठे भाऊ. संत्र्याच्या पैशावर यांनी मला इथे शिकवले." चौकीदाराने दादांना नमस्कार केला. दादा इमारतीकडे वर बघत राहिले.

नंतर बागेत बाकावर बसल्यावर मी म्हणालो, "दादा, तेव्हा माझे चुकले." कोणत्या वेळचे, हे त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "वाईट तं वाटलं होतं, बाबू. पण ओलिताची पाळी होती. रडाले सवड कोठं होती?" आणि पिशवीतले संत्रे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवले.

नागपुरी संत्रे भोसल्यांच्या परसात रघुजीराजांनी औरंगाबादकडून आणून लावले असे सांगतात. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. संध्याकाळी फुटाळा तलावावर कणसे खाल्ली आणि निघताना संत्रा बर्फी घेतली. दादा दुकानदाराला विचारत होते, किलोभर बर्फीला संत्री किती लागतात? त्याला सांगता येईना.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. संग्रहालये, बागा बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. 1863 सालचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, मुलांना दाखवावा. उन्हाळ्यात मुळीच जाऊ नये. दिवाळी ते माघ हा काळ चांगला. बागायतदारांनी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांची चौकशी करावी. डिंक्याने आमची काही झाडे गेली आहेत, त्यांच्या जागी तिथलीच लावायचे ठरले आहे.

मृगाची तोड आटोपली की वहिनींना रामटेक पाहायचे आहे. दादा म्हणतात, "मले विचारू नका, तारीख सांगा."