शेजाऱ्याचा माल

शेजाऱ्याशी बिनसले की विरजणाची वाटी बंद होते, हा आपल्या गृहव्यवहारातील जुना दंडक आहे. राष्ट्रेही याला अपवाद नाहीत. तेथे वाट्यांचा हिशेब अब्जांत करावा लागतो, एवढेच.

मराठी माणसाला बहिष्कार शिकवावा लागत नाही. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या पंक्तीला बहिष्कार होताच. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्याहीपूर्वी, १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका खादीच्या वेषात उपस्थित राहिले होते. दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींना ही गोष्ट सांगताना अंमळ अधिकच अभिमान वाटतो.

१५ जून २०२० च्या रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान कामी आले आणि तो वारसा पुन्हा जागा झाला. त्याच महिनाअखेर सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. काही ठिकाणी लोकांनी घरातले दूरचित्रवाणी संच सज्जातून खाली फेकले. त्या संतापाला आम्ही हसणार नाही. पण संचाचे पैसे शेजाऱ्याच्या खिशात केव्हाच पडले होते. १९०५ च्या होळीतले कापडही विकत घेतलेलेच होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु ते जाळणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून जाडेभरडे अंगावर घालण्याची तयारी ठेवली होती. होळीचा अर्थ त्या जाड्याभरड्यात होता, ज्वाळेत नव्हता.

आपल्यासारख्या सरकारी नोकरांच्या वाट्याला हा बहिष्कार कागदावरून आला. २३ जुलै २०२० रोजी सामान्य वित्तीय नियमांतील १४४ व्या नियमात भर पडली : भारताशी ज्यांची भूसीमा लागून आहे अशा देशांतील निविदाकारांनी आधी नोंदणी करून घ्यावी, मगच सरकारी खरेदीत भाग घ्यावा. सबंध आदेशात चीनचे नाव नाही. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत अर्थखात्यालाही ठाऊक असावी! निविदेबरोबर येणारी ती प्रमाणपत्रे तपासताना आमच्या मनात मात्र एक शंका घर करून राहिली. निविदाकार स्वदेशी, हे प्रमाणपत्राने सिद्ध होते. पण त्याच्या यंत्राच्या पोटात काय दडले आहे, हे कोण सांगणार?

आकडे त्या शंकेला दुजोरा देतात. २०१९-२० साली चीनमधून सुमारे ६५ अब्ज डॉलरांची आयात झाली होती. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्जांच्या वर गेली. याला केवळ लोकांची विस्मरणशीलता म्हणणे अन्यायाचे होईल. दिव्यांची माळ दिसते म्हणून ती नाकारता येते. औषधाच्या गोळीतले मूळ द्रव्य कोठून आले हे रोग्याला दिसत नाही, आणि दिसले तरी ती गोळी त्याने टाकावी कशी? पेनिसिलिनचेच पाहा. १९५५ साली पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते तयार होऊ लागले, तेव्हा ती नवस्वतंत्र राष्ट्राच्या कौतुकाची गोष्ट होती. पुढे चीनचे कच्चे द्रव्य स्वस्त पडू लागले आणि आपल्याकडचे उत्पादन थंडावले. २०२० साली मूळ औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकिनाड्यास नवा पेनिसिलिन कारखाना उभा राहिला. जो माल आज टाकावासा वाटतो, तो तयार करण्याची सवय आपण पूर्वीच टाकलेली असते.

२०२० च्या दिवाळीपूर्वी आमच्या वसाहतीतील मराठी मंडळींत चिनी माळा न घेण्याचा ठराव आला. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याने होळीच्या सुमारासच भगीरथ पॅलेसमधून माल भरून ठेवला होता. तो म्हणाला, “बाबूजी, चीनचे पैसे चीनला पोचले. आता बुडतील ते माझे.” या म्हणण्यास उत्तर नव्हते. पण सभेत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचा मुलगा तेव्हा लडाखमध्ये तैनात होता. ते एवढेच म्हणाले, “तुम्ही घ्या हो. माझ्या दाराशी ती माळ मला लावता यायची नाही.” याही म्हणण्यास उत्तर नव्हते. ठराव झाला. आमच्यापैकी काहींनी त्याच विक्रेत्याला पणत्या आणावयास सांगितल्या आणि त्या घेतल्या. त्याचे नुकसान त्याने भरून निघाले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आपणही कोणाचे तरी शेजारी आहोत, हे अशा वेळी ध्यानी राहत नाही. २०२४ च्या आरंभी बांगलादेशात निवडणुकीनंतर भारतीय मालावर बहिष्काराची हाक उठली. एका विरोधी नेत्याने अंगावरची भारतीय शाल भर रस्त्यात फेकून दिली. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी विरोधकांना विचारले, की तुमच्या बायकांच्या भारतीय साड्या का जाळत नाही? कपाटातल्या साड्यांचा हा प्रश्न ढाक्यापुरताच आहे, असे आम्हांस वाटत नाही.

मग बहिष्कार करू नये काय? अवश्य करावा, ज्या गृहस्थाचा मुलगा सीमेवर उभा आहे, त्याला बाजारभाव सांगणारे आम्ही कोण? मात्र त्याची किंमत आपल्या खिशातून जावी, कोपऱ्यावरच्या विक्रेत्याच्या नव्हे. आणि ती एका दिवाळीत चुकती होईल, अशी समजूत नसावी. पिंपरी ते काकिनाडा हे अंतर नकाशावर फार नाही. ते कापावयास आपल्याला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.