बांडगुळावरची हजेरी

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला फुलटोच्या ऐकू येईनासा झालाय.

पुण्यात शिवाजीनगरच्या एका कार्यालयात ते लेखा विभाग सांभाळतात. कॅन्टीनमागे जुना आंबा आहे, त्यावर बांडगुळं. वीस वर्षं डबा आटपून ते पक्षी टिपायला वही घेऊन या झाडाखाली उभे राहत आले. तांबट, शिंपी वहीत असतातच. पण खरी मिजास फुलटोच्याची. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मातकट जीव. आधी चिक्-चिक् ऐकायची, मग शेंड्याकडे मान करायची. वयाबरोबर कानातून आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. तांबटाचं टुक्-टुक् अजून खणखणीत येतं. हा मात्र मुका झाला.

नवी लिपिक शेजारी उभी होती. बांडगुळाकडे बोट दाखवत म्हणाली, "सर, तिथं चिक्-चिक् कोण करतंय?"

"फुलटोच्या. सकाळपासून चाललंय त्याचं," ते म्हणाले. सकाळपासून त्यांनी काडीचंही ऐकलं नव्हतं.

आवाज ओळखणाऱ्या अ‍ॅपला ते चारचौघांत 'कॉपी' म्हणतात. हातभर लेन्स घेऊन फिरणाऱ्यांना पक्षी नको, फोटो हवा असतो, हेही ठासून सांगतात. त्याच आठवड्यात जिन्यात उभं राहून त्यांनी ते अ‍ॅप गुपचूप उतरवून घेतलं.

पण मन रमेना. मग कान सोडून ते नुसतं बांडगूळ बघू लागले. फुलटोच्या पिकलेलं फळ गिळतो; थोड्या वेळाने चिकट बी बाहेर येतं, लोंबतं, आणि तो बूड फांदीवर घासून ते पुसून टाकतो. नवं बांडगूळ रुजतं ते असं. पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका सापडला, तो हळदीकुंकू फुलपाखराचा. त्याच्या अळ्याही घोळक्याने हीच पानं खातात. वीस वर्षं डोक्यावर असलेलं हे सगळं त्यांनी पाहिलंच नव्हतं. कानाचा तोरा, दुसरं काय!

बांडगूळ झाडाचं पाणी पळवतं, हे खरंच. म्हणून तर आपल्याकडे ती शिवी आहे.

यंदा छाटणीच्या अंदाजपत्रकात 'बांडगुळे काढणे' असं एक कलम आलंय. कागद त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडून आहे. आज अकरावा दिवस.