लंडनहून मिश्कोल्तला : जयभीमच्या नात्याने गाठलेला पल्ला

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 साली दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हा त्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिक्षण पुरे केले. सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री मित्राने दिलेले चार पापड, ही हकिगत आपल्या घराघरांतील लहान मुलांनाही पाठ आहे. त्या परक्या मुलखात बाबासाहेबांना गणगोत नव्हते. आज शंभर वर्षांनी त्याच युरोपात आपली मुले-मुली नोकरी करतात, शिकतात. एवढेच नव्हे, तर ज्यांनी भारत कधी पाहिला नाही असे लोक तेथे एकमेकांना ‘जयभीम’ म्हणतात. हे आम्ही 2023 सालच्या मे-जून महिन्यांत डोळ्यांनी पाहिले. वाटेत अडचणी पुष्कळ आल्या. पण प्रत्येक अडचणीला कोणी ना कोणी आपले माणूस धावून आले. म्हणून हा वृत्तांत वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असतो. मेच्या अखेरीस तेथील शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत त्याच्या मोटारीने निघायचे ठरले. आम्ही दोघे, मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि 76 वर्षांची आमची आई. आईचा हट्ट एकच होता : “मला माझ्या नातीला भेटवा.” ही नात म्हणजे आमच्या धाकट्या भावाची मुलगी. ती जर्मनीत कोलोन शहरी परिचारिका आहे. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या साथीत भाऊ गेला, तेव्हा ती तेथे इतरांच्या आईबापांची शुश्रूषा करीत होती. बापाचा अंत्यविधी तिने मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. पुढे दोन वर्षे रजा आणि कागदपत्रे यांचा मेळ बसला नाही. आजीची आणि तिची गाठ पडली नव्हती.

निघण्यापूर्वी किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घराला अभिवादन केले. 1921-22 साली बाबासाहेब येथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. पुढे नगरपालिकेच्या परवानगीचा वाद उभा राहिला. तो 2020 साली स्मारकाच्या बाजूने मिटला. दारावरच्या निळ्या फलकापुढे आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली.

डोव्हरहून बोटीने दीड तासात फ्रान्सचे कॅले बंदर येते. तेथून मोटार रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. मुलगा सावकाश हाकीत होता. ब्रुसेल्स मागे टाकून एका विश्रांतीच्या ठिकाणी आम्ही जेवायला उतरलो. परत येऊन पाहतो तो मोटारीची मागची काच फोडलेली आणि एक पिशवी गेलेली. पैसे, पासपोर्ट आमच्याजवळ होते. पण त्या पिशवीत आईचे इन्सुलिन होते. रात्रीचा डोस चुकवून चालणारा नव्हता. सुनेने पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, “वहिनी, रडू नका. सरळ माझ्याकडे या. औषधाचं मी बघते.”

काचेच्या जागी प्लॅस्टिक चिकटवून रात्री दहाला कोलोन गाठले. पुतणी रस्त्यावर येऊन उभी होती. आजी-नातीची भेट झाली ती बोलायलाही सवड न मिळता. तिने आईची नाडी पाहिली, साखर तपासली आणि तशीच डॉक्टरकडे नेली. जर्मनीत रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर 116117 हा क्रमांक आहे, आणि जीव धोक्यात असेल तर साऱ्या युरोपात 112. औषधाची दुकाने पाळीपाळीने रात्रभर जागी असतात. घंटा वाजवली की लहानशा खिडकीतून औषध मिळते. मात्र चिठ्ठी लागते. अकरा वाजता आईला इन्सुलिन मिळाले. मग नातीने आजीच्या मांडीवर डोके ठेवले आणि दोन वर्षांचे रडणे त्या रात्री रडून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिच्या एका खोलीच्या घरात तथागत बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी भावाचा फोटो ठेवला. मेणबत्ती लावली. आईने त्रिसरण-पंचशील सांगितले, आम्ही मागून म्हटले. जो विधी तिला करता आला नव्हता, तो तिच्या हातून झाला. आई म्हणाली, “बाळे, तुझ्या बापाचं पाखरू लांब उडालं याचा त्याला अभिमान होता. तू येऊ शकली नाहीस म्हणून त्याचा राग नव्हता.” त्या एका वाक्यासाठी आई एवढ्या लांब आली होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

दुपारी जवळच्या बॉन शहरी ऱ्हाइन नदीकाठी गेलो. बाबासाहेबांनी 1921 साली जर्मन भाषेत स्वहस्ते अर्ज लिहून येथील विद्यापीठात नाव घातले होते. पुतणीला जर्मन शिकताना किती कष्ट पडले ते ती सांगत होती. लंडनच्या दोन पदव्यांचा अभ्यास डोक्यावर असताना बाबासाहेबांनी ही भाषा कशी साधली असेल, असे ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

तिने आठवडाभराची रजा काढली आणि तीही आमच्याबरोबर निघाली. आता आम्ही सातजण. तो पेन्टेकोस्ट सणाचा सोमवार होता. दक्षिण जर्मनीत, पासाऊ गाव थोडे दूर असताना मागचा टायर फुटला. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत जादा चाक नसतेच, तसे आमच्याही नव्हते. चकाकणारी जाकिटे घालून आम्ही लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहिलो. आई पुतणीच्या खांद्याला धरून होती. तासाभराने ओढगाडी आली. पण सणामुळे टायरची सर्व दुकाने बंद. पासाऊला एका खाणावळवजा घरात दोन खोल्या मिळाल्या. मालकीण बाईंनी आईसाठी मऊ भात करून दिला. डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्यांचा तेथे संगम आहे. तिन्हींचे पाणी निरनिराळ्या रंगाचे दिसते, हे पाहून नातू टायरचे दुःख विसरला.

मंगळवारी नवा टायर घालून व्हिएन्ना गाठले. बुधवारी वाट वाकडी करून ओबरवार्ट गावी गेलो. हे गाव पाहण्याचा आग्रह पुतणीचा. येथे रोमा लोकांची जुनी वस्ती आहे. ज्यांना लोक जिप्सी म्हणतात तेच हे रोमा. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या देशातून निघाले, हे भाषेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हिटलरच्या राजवटीत या समाजाचे हत्याकांड झाले. पण 1945 नंतरही द्वेष संपला नाही. 4 फेब्रुवारी 1995 च्या रात्री या वस्तीजवळ कोणी एक फलक उभा केला. त्यावर लिहिले होते : रोमांनो, भारतात परत जा. वस्तीतले चौघे तो हटवायला गेले. फलकाला बॉम्ब बांधलेला होता. चौघेही जागीच गेले. सर्वांत धाकटा 18 वर्षांचा होता. गुन्हेगार पुढे सापडला आणि 1999 साली त्याला जन्मठेप झाली.

स्मारकापाशी आई दमून बाकावर बसली. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. त्यांनी आईकडे पाहिले, बाटली पुढे केली आणि म्हणाले, “पानि.” आई दचकली. “अगं, हे तर पाणी म्हणाले!” पुतणीने जर्मनमध्ये सांगितले की आम्ही भारतातले. म्हातारबाबा हसले आणि बोटे मोडून मोजू लागले : येक, दुय, त्रिन, श्तार, पांच. आईनेही मोजले : एक, दोन, तीन, चार, पाच. “परत जा” म्हणणाऱ्यांनी ज्या देशाचे नाव शिवीसारखे वापरले, त्या देशाची एक बाई त्यांच्यापुढे बसली होती. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला. पुतणीला दुभाषीपण करायची गरजच उरली नाही.

तेथून हंगेरी ओलांडून मिश्कोल्तला पोचायला मध्यरात्र झाली. ठरल्या वेळेपेक्षा आम्ही पुरा एक दिवस उशिरा होतो. तरी रस्त्याच्या कडेला एक माणूस दिवा दाखवीत उभा होता. 2009 साली तो महाराष्ट्रात आला असताना आमच्या वस्तीच्या विहारात उतरला होता आणि आईच्या हातची भाकरी चार दिवस जेवला होता. तेव्हाचा पोरसवदा तरुण आता टक्कल पडलेला बाप झाला आहे. आईला पाहताच तो ओरडला, “जयभीम! पुरे, पुरे, पुरे!” ताटात भाकरी वाढताना शिकलेला तेवढाच मराठी शब्द त्याने 14 वर्षे जपला होता.

या भागात तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोघा शिक्षकांनी 2007 साली शयोकाझा खेड्यात डॉ. आंबेडकर शाळा सुरू केली. ओर्शोश स्वतः जिप्सी समाजातील. बाबासाहेबांचे चरित्र वाचून, महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्या पाहून त्यांनी हा मार्ग धरला आणि बुद्धधम्माचा स्वीकार केला. पुढे मिश्कोल्त शहरातही शाळा आली. तिची गरज का, ते ऐकून आपल्याला आपलेच जुने दिवस आठवतात. धडधाकट, हुशार रोमा मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत घालण्याची रीत तेथे होती. त्याविरुद्ध दोन तरुणांनी दाद मागितली आणि 2013 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हंगेरी सरकारला दोषी ठरविले. ग्योंग्योशपाता गावच्या शाळेत रोमा मुले वेगळी बसविली जात; तेथील कुटुंबांना भरपाई देण्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली कायम केला.

वर्गात पोरांबरोबर लेकुरवाळ्या बायाही होत्या. अर्धवट सुटलेली शाळा पुरी करून मॅट्रिक व्हायचे, हा त्यांचा ध्यास. आमची आई शाळेची पायरी चढलेली नाही. पन्नाशीत रात्रीच्या साक्षरता वर्गात ती अक्षरे शिकली. तिला फळ्याकडे नेले, तेव्हा तिने खडूने ठसठशीत लिहिले : जयभीम. मग एकेक बाई उठली आणि त्याखाली तीच अक्षरे गिरवू लागली. कोणाचा काना वाकडा, कोणाची वेलांटी उलटी. पण फळा भरून गेला.

सुमारे 1900 किलोमीटरच्या या वाटेवर आमची काच फुटली, औषधे गेली, टायर गेला, एक दिवस वाया गेला. हे सारे भरून आले. वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, वडीलधाऱ्यांना घेऊन परदेशी जाल तर औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवा आणि चिठ्ठीची प्रत अंगावर बाळगा. दुसरी, घरातील लेकरू लांब गेले असेल, तर “येऊ शकली नाहीस” हा बोल मनात धरू नका. ते तेथे एकटे असते. फोनवर दोन शब्द मायेचे बोला. आणि त्याला सांगा की तुझ्या गावात जो हिणवलेला आहे, त्याच्याही दाराशी जा. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेले नाते रक्तापुरते नाही. ते पाण्यासारखे आहे. ज्याला तहान लागली आहे, त्याला ते ओळखता येते.

जयभीम! नमो बुद्धाय!