सेफ आहे हो... मी सांगतो ना!

झेरॉक्सवर ‘सेल्फ अटेस्टेड’ असं लिहून सही ठोकायची आपल्याला आता इतकी सवय झालीय, की आपण त्यात काही कबूल करतोय हे डोक्यातही येत नाही. पूर्वी त्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागायचं म्हणे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तो व्याप कमी करायचं ठरवलं आणि आपली पिढी सुटली. बँकेत सही, जॉइनिंगला सही, एकदम सही!

आता कल्पना करा, त्याच सहीच्या वर असं लिहिलंय : ‘हे यंत्र हवेत बिघडलं, तरी खाली उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा होणार नाही.’ कराल?

कॅनडात ड्रोनच्या बाबतीत नेमकं हेच चालतं. मला हे कळलं २०२४ च्या जुलैमध्ये, मिसिसागाला मावसभावाकडे राहत होते तेव्हा. दादा सोमवार ते शुक्रवार आयटीत आणि शनिवार-रविवार लग्नांचं शूटिंग करतो. तिथला उन्हाळा म्हणजे लग्नांचा सीझन, त्यामुळे घरात जिकडे बघावं तिकडे बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या.

१ जून २०१९ पासून तिथे ड्रोनचे नवे नियम आले. २५० ग्रॅमपासून २५ किलोपर्यंतचा ड्रोन असेल, तर त्याची नोंदणी करायची आणि उडवणाऱ्याने लायसन्स काढायचं. लायसन्स तेव्हा दोन प्रकारचं होतं, बेसिक आणि ॲडव्हान्स्ड. बेसिकवाल्याने लोकांपासून ३० मीटर लांब राहायचं आणि विमानतळाच्या नियंत्रणातल्या आकाशात शिरायचंच नाही. ॲडव्हान्स्डला ५० प्रश्न, ८० टक्के मार्क लागतात, वर परीक्षकासमोर उडवून दाखवायचं. दादा हे सगळं पहिल्या फटक्यात पास! (मावशीने ही बातमी अख्ख्या डोंबिवलीला सांगितली होती.)

पण माणूस पास झाला म्हणून यंत्र पास होत नाही. त्या मॉडेलबद्दल ते बनवणाऱ्याने ट्रान्सपोर्ट कॅनडाला, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याला, लेखी डिक्लरेशन दिलेलं असावं लागतं. ते तेव्हा तीन गोष्टींसाठी असू शकायचं. नियंत्रित आकाशात उडवायला, लोकांपासून ३० मीटरच्या आत पण ५ मीटरपेक्षा जवळ नाही अशा अंतरावर उडवायला, आणि ५ मीटरच्या आत, म्हणजे थेट डोक्यावर उडवायला. हे अंतर जमिनीवर आडवं मोजायचं. ड्रोन कितीही उंच असू दे, तुम्ही त्याच्या खाली उभे असाल तर तो तुमच्या डोक्यावरच!

पायऱ्या चढत जाव्यात तशा अटी कडक होतात. नियंत्रित आकाशासाठी ड्रोनला आपण कुठे आहोत ते बऱ्यापैकी अचूक कळलं पाहिजे : आडवं १० मीटरच्या आणि उंचीत १६ मीटरच्या फरकात. माणसांजवळ उडायचं, तर एखादा भाग बिघडल्याने कोणाला गंभीर इजा होता कामा नये. डोक्यावर उडायचं, तर दोन-तीन भाग एकदम बिघडण्याचाही हिशेब हवा.

आणि हे सगळं सरकार तपासतं? नाही. कंपनीने म्हणायचं, आम्ही तपासलंय. खातं ते नोंदवून घेतं. नंतर काही खोट निघाली तर डिक्लरेशन रद्द होऊ शकतं.

मी म्हटलं, ‘‘म्हणजे झेरॉक्सवर सही!’’

दादा हसला नाही. कारण त्याच आठवड्यात त्याचं एका लग्नावरून वाजलं होतं. मुलीचे बाबा म्हणजे तिथल्या मराठी मंडळींतले जुने काका. त्यांना वरमाला ड्रोनने आणायच्या होत्या. ‘‘अरे, पुण्यात माझ्या भाच्याच्या लग्नात आणल्या की! तुला एवढं जमत नाही?’’

‘‘काका, तुम्ही सांगाल ते फोटो काढतो. पण हे नको.’’

लग्न हॉलच्या लॉनवर, दीडशे पाहुणे. पिअरसन विमानतळ मिसिसागातच असल्यामुळे आकाश नियंत्रित. तिथे उडवायची परवानगी दादाने ॲपवरून घेतली होती. अडत होतं ते हुकाशी. कंपनीने डिक्लरेशन दिलं होतं ते आहे तशा ड्रोनचं. त्याखाली बाजारातला हुक बसवून हार लटकवले, की ते तुमच्याच भरवशावर. बदल करूनही सगळ्या अटी पाळल्या जातायत हे उडवणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे.

मग एका मित्राने जाम भारी आयडिया दिली. ‘‘तूच डिक्लेअर कर ना! बदल तू केलास, म्हणजे बनवणारा तूच.’’ फॉर्म खरंच छोटासा. नाव, पत्ता, मॉडेल, जास्तीत जास्त वजन, कशासाठी वापरणार, आणि सगळ्या अटी पाळल्यात असं एक वाक्य. रात्री जेवणं झाल्यावर दादा लॅपटॉप उघडून बसला. वहिनी म्हणाली, ‘‘भर आणि झोप. एवढा चेक कोण सोडतं?’’ मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

तो मात्र कागदावर प्रश्न लिहीत बसला. हार लोलकासारखा झुलला तर? दोरा पंख्यात गेला तर? चार पंख्यांच्या ड्रोनची एक मोटर बंद पडली, की तो सहसा सरळ खाली येतो, मग? प्रत्येक ‘तर’साठी टेस्ट हवी आणि तिचं रेकॉर्ड जपून ठेवायला हवं. त्याच्याकडे एकही टेस्ट नव्हती. त्याने लॅपटॉप मिटला.

तो उगाच घाबरट नाहीये हं. टोरोंटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर १० ऑगस्ट २०२१ ला उतरणाऱ्या एका सेस्ना विमानाला ड्रोन धडकला होता. विमान सुखरूप उतरलं आणि कोणाला इजा झाली नाही. ड्रोन पोलिसांचा होता! दादाच्या घरापासून फार लांब नाही हे.

आपल्याकडची रीत उलटी. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलची आधी चाचणी होते, मग डीजीसीए टाइप सर्टिफिकेट देतं. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदीही आली. तरी लग्नात डोक्यावर घोंघावणाऱ्या ड्रोनचे कागद कोणी मागितल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मला विचाराल तर सरकारी शिक्का असला की आपण सगळेच निर्धास्त होतो, आणि तो नसला तरी. कॅनडानेही २०२५ च्या नव्या नियमांत जास्त धोक्याच्या काही उड्डाणांसाठी कंपनीचे पुरावे आधी तपासायला सुरुवात केली. छोट्या ड्रोनचं मात्र बरंचसं अजून शब्दावरच चालतं.

काकांनी शेवटी हारांसाठी दुसऱ्याला बोलावलं. दादाचा निम्मा चेक गेला, स्टिल फोटोंचं काम तेवढं राहिलं. आणि खरं सांगायचं तर काहीही झालं नाही. ड्रोन झोकात आला, हार थोडे हेलकावले, नवऱ्याने हात वर करून ते सोडवले. टाळ्या, शिट्ट्या, सगळ्यांचे मोबाइल वर. नंतर अल्बम लावताना वहिनीने विचारलं, ‘‘हार येतानाचे फोटो कुठेत?’’ नव्हतेच. ड्रोन परत जाऊन उतरेपर्यंत दादा कॅमेरा खाली धरून नुसता वर बघत उभा होता.