स्टेटसलाइनमधला 'ऱ'

आमच्या हॉस्टेलवर व्हिम वापरणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये हा एडिटर बाहेर काढला. २०२३ मध्ये ते गेले, पण त्यातून बाहेर कसं पडायचं हे फर्स्ट इयरची पोरं अजून विचारतात! मी मात्र त्याच्या प्रेमात पडले ती तळाच्या एका ओळीमुळे.

झालं असं, की कंधारला आजोबांनी १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आठवणी सांगितल्या. पहिला भाग चुलतभावाने तिथेच मोबाईलवर टाइप केला, पुढचा मी इथे लॅपटॉपवर. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब होतीच. शेवटी आजोबा म्हणाले, "बोलताना 'म्हाताऱ्यानं' ठीक आहे गं, पण छापताना 'वडिलांनी' कर. बरं दिसत नाही."

मी एका कमांडमध्ये सगळं बदललं आणि सुट्टीत ऐटीत प्रिंट हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. दुसऱ्याच पानावर बोट थांबलं. "इथं म्हातारा तसाच हाय की गं." रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

हॉस्टेलवर येऊन पुन्हा शोधलं, तर व्हिम म्हणे असा शब्दच नाही! त्यात जोडाक्षरं धड जुळत नाहीत, डोळ्यांना काही कळेना.

मग एका सीनियर ताईने स्टेटसलाइन सजवायला शिकवलं. 'लास्टस्टेटस' दोन केलं की ती ओळ कायम दिसते. टक्का-एफ लिहिलं की फाइलचं नाव, टक्का-एल म्हणजे ओळ, टक्का-सी म्हणजे कॉलम. आणि टक्का-कॅपिटल बी म्हणजे कर्सरखालच्या अक्षराचा नंबर, हेक्समध्ये. माझ्या भागातल्या 'ऱ'वर कर्सर नेला, ९३१. भावाच्या भागात ९३०! माझा खाली टिंब असलेला 'ऱ'. त्याचा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. कागदावर दोन्ही सारखे, मशीनसाठी मात्र दोन वेगळे शब्द.

दोन्ही बदलले. या वेळी आधी स्वतः सगळं वाचलं, मगच प्रिंट काढली. आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवून 'वडिलांनी' असं मोठ्यानं वाचलं आणि पान उलटलं.

तेव्हा मित्रांनो, मराठी टाइप करताना तळाची ती ओळ जरूर सजवा. आणि कमांडवर विश्वास ठेवा, पण वाचून बघा!