शांतिनिकेतनची सुजाता आणि रामकिंकर

बोधगयेच्या यात्रेला जाणारे आपले बांधव निरंजना नदी ओलांडून बकरौर गावचा सुजाता स्तूप आवर्जून पाहतात. उरुवेलेच्या सेनानी गृहपतीच्या या मुलीने उपोषणाने क्षीण झालेल्या सिद्धार्थ गौतमाला खीर दिली, ही हकीकत आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु याच सुजाताचे एक आगळे शिल्प बंगालमधील शांतिनिकेतनच्या झाडीत उभे आहे, आणि ते घडविणारा कलावंत नाभिक समाजातील एका गरीब घरातून आला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. रामकिंकर बैज हे त्याचे नाव. बोधगयेला गेलेल्या यात्रेकरूंनी सवड काढून ही जागाही पाहावी, म्हणून हा लेख.

गयेहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने वर्धमानला उतरावे आणि तेथून बोलपूरची गाडी धरावी. हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. हावड्याहून बोलपूर सुमारे १५० किलोमीटर पडते. स्टेशनाबाहेर बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा मिळतात. तिकडे त्यांना ‘टोटो’ म्हणतात. गाव मागे पडले की बीरभूम जिल्ह्याची लाल माती दिसू लागते. आपल्या कोकणातला जांभा आठवावा अशी ही माती आहे. पावसाच्या पाण्याने ती वाहून जाऊन ठिकठिकाणी घळी पडल्या आहेत. त्यांना तेथील लोक ‘खोआई’ म्हणतात. मधे भाताची खाचरे, बांधावर ताडाची झाडे आणि आसपास संथाळ आदिवासींच्या मातीच्या भिंतींच्या वस्त्या. भिंती इतक्या स्वच्छ सारवलेल्या असतात की पाहत राहावे.

देवेंद्रनाथ टागोरांनी १८६३ साली येथे आश्रम स्थापन केला. त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ साली शाळा काढली. १९१९ साली कलाभवन सुरू झाले आणि १९२१ साली विश्वभारती. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. एवढा इतिहास मार्गदर्शक पुस्तिकेत मिळतो. रामकिंकरांची माहिती मात्र विचारून घ्यावी लागते.

रामकिंकरांचा जन्म मे १९०६ मध्ये बांकुडा येथे झाला. घराण्याचे आडनाव परामाणिक आणि व्यवसाय केशकर्तनाचा. ‘बैज’ हे नाव त्यांनी पुढे घेतले. शेजारी मूर्ती घडविणारे कारागीर राहत होते. त्यांच्या हाताखाली चिखल मळता मळता या मुलाचा हात तयार झाला. असहकाराच्या चळवळीत तो पुढाऱ्यांची चित्रे रंगवून देत असे. ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांचे संपादक रामानंद चट्टोपाध्याय हे मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाचे काम पाहिले आणि १९२५ साली त्याला शांतिनिकेतनला पाठविले. नंदलाल बोस यांच्यासारखा गुरू तेथे लाभला. रामकिंकर पुढे तेथेच शिक्षक झाले आणि जन्मभर तेथेच राहिले.

सुजाताचे शिल्प १९३५ सालचे आहे. उंच सरळ झाडांमध्ये तशीच उंच, सडपातळ, जणू जमिनीतून वर आलेली अशी ही स्त्री आहे. अंगावर दागिना नाही, चेहऱ्यावर नाटकी भाव नाही. मुळात ही केवळ चालणाऱ्या एका तरुणीची आकृती होती. नंदलाल बोस यांनी ती पाहून डोक्यावर एक भांडे ठेवण्याची सूचना केली, आणि ती खीर घेऊन निघालेली सुजाता झाली. रवींद्रनाथांनी हे काम पाहून रामकिंकरांना बोलावून घेतले आणि सारा आश्रम अशा शिल्पांनी भरून टाक, असे सांगितले. रामकिंकरांनी आश्रमात पुढे बुद्धाचीही मूर्ती घडविली.

त्यानंतर १९३८ साली त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे मोठे शिल्प उभारले. एक कष्टकरी जोडपे आपला सारा संसार घेऊन दुसऱ्या गावी निघाले आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड, तिच्या टोपलीत मूल, बाईच्या डोक्यावर ओझे आणि सोबत कुत्रा. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा रोजगार हमीच्या कामाला गाव सोडून निघालेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे शिल्प समजावून सांगावे लागत नाही. त्या काळी चौथऱ्यावर राजे, साहेब आणि देवदेवता बसत. रामकिंकरांनी तेथे बिऱ्हाड पाठीवर घेतलेली माणसे आणली, तीही माणसाहून मोठ्या आकारात आणि उघड्यावर. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या खिशात पैसा नाही, त्यालाही जाता-येता ती दिसावीत. १९५६ सालच्या दुसऱ्या शिल्पात भाताच्या गिरणीचा भोंगा ऐकून दोन संथाळ स्त्रिया धावत निघाल्या आहेत. अंगावरचे ओले लुगडे त्या धावता धावताच वाऱ्यावर वाळवीत आहेत.

ही शिल्पे कांस्याची किंवा संगमरवराची नाहीत. तेवढा पैसा कोठून आणायचा? रामकिंकरांनी सिमेंट घेतले, त्यात तेथलीच लाल मुरमाची खडी मिसळली आणि तो गिलावा सांगाड्यावर हाताने थापून आकृती उभी केली. त्यामुळे शिल्पांची कातडी खरखरीत आहे, उन्हातान्हात राबलेल्या अंगासारखी. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी ती जवळून पाहावीत. थापी आणि सिमेंट ही त्यांच्याही हातातली साधने आहेत.

रामकिंकरांचे रोजचे जगणे फार साधे होते. डोक्यावर ताडपत्रीची टोपी, अंगात साधे कपडे. संथाळांच्या वस्तीत जायचे, त्यांच्यात बसायचे, मोठ्याने गाणी म्हणायची, विद्यार्थ्यांची नाटके बसवायची आणि त्यांचे पडदेही रंगवायचे. त्यांनी लग्न केले नाही. राधाराणी या सामान्य घरातील स्त्रीने त्यांचा संसार सांभाळला. त्यांची अनेक चित्रेही तिच्यावरून झाली. पावसाळ्यात गवताचे छप्पर गळू लागले की रामकिंकर आपली तैलचित्रे छपराला लावीत. तैलरंग पाण्याने खराब होत नाहीत, हे त्यांचे साधे उत्तर. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हाही राहणी बदलली नाही. २ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

हे सारे आज आपल्याला कळते ते छायाचित्रे, चित्रपट आणि पुस्तके यांमुळे. ऋत्विक घटक यांनी १९७५ साली रामकिंकरांवर माहितीपट चित्रित केला. पुढच्याच वर्षी घटक वारले आणि तो अपुरा राहिला. छपराची हकीकत त्यात रामकिंकरांच्याच तोंडून ऐकायला मिळते. समरेश बसू यांनी त्यांच्या जीवनावर ‘देखि नाइ फिरे’ ही कादंबरी लिहायला घेतली. १९८८ साली लेखकाच्या मृत्यूमुळे तीही अपुरीच राहिली. नावाचा अर्थ, मागे वळून पाहिले नाही. आपल्या महाराष्ट्राशी जोडणारा दुवाही आहे. शांतिनिकेतनचे विद्यार्थी देवी प्रसाद १९४४ पासून अनेक वर्षे वर्ध्याजवळ सेवाग्रामला कला शिकवीत होते. ते कुंभारकाम करीत आणि छायाचित्रेही घेत. त्यांनी टिपलेली रामकिंकरांची शिल्पे २००७ साली पुस्तकरूपाने आली. उन्हापावसात झिजणारी शिल्पे पूर्वी कशी दिसत होती, हे अशा छायाचित्रांमुळेच पुढच्या पिढीला पाहता येते.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. रामकिंकरांचे नाव राहिले, नंदलालांचे राहिले. कावड घेतलेल्या त्या पुरुषाचे नाव काय? त्याच्या बायकोचे, टोपलीतल्या मुलाचे? शिल्पाखाली ‘संथाळ कुटुंब’ एवढेच आहे. भोंग्यामागे धावणाऱ्या त्या दोघींनाही नावे नाहीत. कलावंताला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याने त्यांना जो मान दिला, तो त्या काळी दुसऱ्या कोणी दिला नव्हता. पण अडीच हजार वर्षांपूर्वी एक वाटी खीर देणाऱ्या मुलीचे नाव संघाने जपले, म्हणून आज तिचा स्तूप आहे, तिचे शिल्प आहे. नाव कोणीतरी सांगावे लागते आणि कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

हे काम आपल्या घरातही व्हायला हवे. आपल्या किती घरांत आजी-पणजीचा फोटो आहे? असला तरी लग्नातल्या घोळक्यातला किंवा मतदार ओळखपत्राचा. गिरणीत, शेतात, खाणीत, सफाईच्या कामावर असतानाचा फोटो जवळजवळ नसतोच. आता प्रत्येक घरात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. वडीलधाऱ्यांचा फोटो त्यांच्या कामाच्या जागी, त्यांच्या हत्यारांसह काढावा. तो कागदावर छापून घ्यावा आणि मागे नाव, गाव, काम आणि साल लिहावे. मुलांना हे काम सुटीत द्यावे. एका वहीत आजोबांच्या तोंडची हकीकत उतरवून घ्यावी आणि ती घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावी.

शांतिनिकेतनला जाणाऱ्यांसाठी थोडी सूचना. बुधवारी तेथे साप्ताहिक सुटी असते. आश्रमाच्या आवारात पूर्वीसारखे मोकळेपणाने फिरता येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी फोटो काढण्यास मनाई आहे. तेव्हा आधी चौकशी करून जावे. हिवाळ्याचे दिवस उत्तम. मुलांना सोबत न्यावे, आणि संथाळ वस्तीत गेलात तर फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी व समोरच्या माणसाचे नाव विचारावे.